पहिली बारा मिनिटं आणि उरलेला दीड तास

प्रश्न थोडक्यात असा आहे: "परवा एक टीन स्लॅशर पाहिला, म्हणजे तरुण मुलांना एकेक करून मारणाऱ्या खुन्याचा भयपट. पहिल्या दहा-बारा मिनिटांत एकटी मुलगी, रात्र, घरात कुणीतरी शिरलंय. अक्षरशः श्वास रोखून बघत होतो. मग शीर्षक आलं, दुसरा दिवस उजाडला, कॉलेजातली मुलं पार्टीची तयारी करायला लागली आणि मी मोबाइल हातात घेतला. तासाभराने बंदच केला. दिग्दर्शक तोच, कॅमेरामन तोच. ज्याला सुरुवात एवढी जमली त्याला पुढचं का जमू नये? की मलाच भीतीची सवय झाली?"

सवय होते, पण दहा मिनिटांत होत नाही. शीर्षकानंतर तुमच्यासमोर दुसराच सिनेमा सुरू झाला होता. मी संकलक आहे. भयपट मोजकेच केलेत, पण ही दुखणी त्या प्रत्येकात भेटली. रफ कट (सिनेमाची पहिली कच्ची जोडणी) बघायला बसलं की पहिला प्रसंग संपेपर्यंत खोलीत कुणी हलत नाही, आणि अर्ध्या तासाने खुर्च्या करकरायला लागतात. ती करकर हाच आमचा खरा अहवाल.

याचं नेहमी दिलं जाणारं कारण पैशाचं. सुरुवातीवर जीव ओतला, पुढे बजेट संपलं. यात तथ्य आहेच. सुरुवातीचा प्रसंग सहसा आधी लिहिला जातो, निर्मात्याला तोच ऐकवला जातो, ट्रेलर त्यातूनच निघतो. १९९६ च्या 'स्क्रीम'चं उदाहरण आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. चित्रीकरण सुरूच झालं ते नटी ड्रू बॅरीमोरच्या सुरुवातीच्या प्रसंगापासून. रोजचं फुटेज बघून निर्माते नाराज होते, खुन्याचा मुखवटाही त्यांना पटत नव्हता. तेव्हा दिग्दर्शक वेस क्रेव्हन आणि संकलक पॅट्रिक लुसिए यांनी तो सुरुवातीचा प्रसंग कापून, जोडून त्यांना दाखवला आणि विरोध मावळला. म्हणजे एका प्रसंगाने अख्खा सिनेमा वाचवला. असा प्रसंग सगळ्यांचा लाडका होणार, त्याला जास्त दिवस मिळणार, हे ओघानेच आलं.

पण पैशाने सगळं उलगडत नाही. भरपूर पैसा असलेले स्लॅशरही शीर्षकानंतर ढेपाळतात, आणि 'हॅलोविन' (१९७८) सारखा सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास उरकलेला सिनेमा ढेपाळत नाही. तेव्हा दुखणं रचनेत शोधायला हवं.

त्यासाठी एका जुन्या सिनेमाकडे जाऊ, कारण हा आजार इतक्या स्वच्छ स्वरूपात दुसरीकडे क्वचितच दिसतो. फ्रेड वॉल्टनचा 'व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स', १९७९. त्याची पहिली वीसेक मिनिटं भयपटांच्या इतिहासात जाऊन बसली आहेत. जिल नावाची मुलगी एका डॉक्टरच्या घरी मुलं सांभाळायला आली आहे. मुलं वर झोपली आहेत. फोन वाजतो. पलीकडचा माणूस एकच विचारतो: मुलांना बघून आलीस का? पुन्हा फोन, पुन्हा तेच. ती दारं बंद करते, पोलिसांना कळवते. ते सांगतात, त्याला बोलत ठेव, आम्ही फोन कुठून येतोय ते शोधतो. आणि शेवटी पोलिसांचा फोन येतो: तो याच घरातून बोलतोय, बाहेर पड.

हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा आवाज बंद करून दाखवतो. काय दिसतं? खोली, जिना, फोन, मुलगी. रक्त नाही, पाठलाग नाही, खुनी तर दिसतच नाही. तरी आपण खिळून बसतो, कारण त्या घराचा नकाशा एव्हाना आपल्या डोक्यात पक्का झालाय. दार कुठे, जिना कुठे, फोनपासून दारापर्यंत किती पावलं, सगळं. आणि ज्या कड्या तिने स्वतःच्या सुरक्षिततेसाठी लावल्या, त्यांनीच तिला त्याच्यासोबत आत कोंडलंय, हे एका वाक्यात आपल्या लक्षात येतं. आधीचं सगळं त्या वाक्याने उलटं होतं. वीस मिनिटं साठवलेली भीती एका फटक्यात खर्च होते.

खर्च होते हे महत्त्वाचं. कारण त्यानंतर पडद्यावर येतं: सात वर्षांनंतर.

पुढे खुनी मनोरुग्णालयातून पळालाय, पूर्वीचा पोलीस अधिकारी आता खासगी गुप्तहेर होऊन त्याच्या मागावर आहे. खुनी बारमध्ये बसतो, एका बाईशी बोलायला जातो, मार खातो, रस्त्यावर झोपतो. टोनी बेकलीने हा माणूस इतका केविलवाणा उभा केलाय की त्याची दया यावी. खरं सांगायचं तर मला हा मधला भाग आवडतो. एकाकी, पडेल, शहराच्या कडेला राहणाऱ्या माणसाचा तो बरा सिनेमा आहे. पण आपण आलो होतो फोनवरच्या आवाजासाठी. त्या आवाजाला चेहरा, घसा, भूक मिळाली आणि तो तुमच्या-आमच्यातला एक होऊन बसला. आवाज असताना तो घरात कुठेही असू शकत होता. आता तो फक्त जिथे कॅमेरा आहे तिथेच आहे.

शेवटाकडे सिनेमा पुन्हा जिलकडे येतो. तिचं लग्न झालंय, तिला दोन मुलं आहेत, ती नवऱ्याबरोबर बाहेर जेवायला गेली आहे. तिथे तिला फोन येतो आणि तोच प्रश्न विचारला जातो. माझ्या अंगावर आजही काटा येतो. दिग्दर्शकाचा हात मधल्या तासात काही बिघडला नव्हता. त्याने प्रश्न बदलला होता, आणि परत जुना प्रश्न विचारताच सिनेमा पुन्हा चालायला लागला.

यामागे एक साधी हकिकत आहे. वॉल्टनने आधी याच घटनेवर 'द सिटर' नावाचा लघुपट केला होता, १९७७ मध्ये. मग त्याचा मोठा सिनेमा झाला. म्हणजे इथे सुरुवात हा खरोखरच वेगळा, स्वतःत पूर्ण झालेला सिनेमा होता. बाकीच्या स्लॅशरांत असा लघुपट आधी केलेला नसतो, पण लिहिणाऱ्याच्या मनात तो तसाच असतो: एक माणूस, एक जागा, एक प्रश्न, एक शेवट. लघुपट संपला की त्यात पुढे नेण्यासारखं काही उरत नाही. तो त्याचा गुण, आणि मोठ्या सिनेमाच्या दृष्टीने तीच अडचण.

मग कुणी म्हणेल, सुरुवात एवढी चांगली होती तर तीच लांबवा. तेही करून झालंय. २००६ मध्ये याच सिनेमाचा नवा अवतार आला आणि त्याने जवळजवळ फक्त ती पहिली घटना घेऊन पूर्ण लांबीचा सिनेमा केला. तळ्याकाठचं काचेचं भव्य घर, चाहूल लागताच आपोआप लागणारे दिवे, कल्पना वाईट नव्हती. पण वीस मिनिटांचा धागा दीड तास ताणायचा तर मध्ये कुणीतरी यायला हवं, मांजर उडी मारायला हवी, मैत्रीण डोकावून जायला हवी. फोनवर कोण आहे हे माहीत नसणं काही काळच अंगावर येतं. त्यानंतर प्रेक्षक घाबरायचं सोडून वाट बघू लागतो, आणि वाट बघणारा माणूस घड्याळही बघतो.

(वॉल्टनने स्वतः १९९३ मध्ये टीव्हीसाठी याचा पुढचा भाग केला. त्यात फोन बंद पडलाय आणि अनोळखी माणूस दाराबाहेर आहे. गाडी बिघडली म्हणतो, कुणाला तरी फोन कर म्हणतो. मुलगी फोन केल्याचं खोटं सांगते, आणि आता ते खोटं तिला निभवायचंय. ही सुरुवात मला मूळ सिनेमाइतकीच भारी वाटते. पुढचा भाग पुन्हा थोडा सैल. माणूस तोच, खोड तीच.)

आता तुमच्या सिनेमाकडे. सुरुवातीला तुमच्या मनात एकच प्रश्न होता: ही वाचेल का? शीर्षकानंतर पटकथेने तुमच्या हातात दुसरा दिला: हे कोण करतंय? पहिला प्रश्न पोटात जाणवतो, दुसरा डोक्यात. दुसरा वाईट नाही, रहस्यकथा त्यावरच चालतात. पण रहस्यकथेला संशयितांवर वेळ घालवावा लागतो, जबाब घ्यावे लागतात, कोण कधी कुठे होतं याचा हिशेब ठेवावा लागतो. स्लॅशरला यातलं काही नीट करायचं नसतं. तो प्रत्येक मुलाला एक संशयास्पद नजर देतो आणि पुढे जातो. मग ना धड भीती, ना धड कोडं.

१९९८ चा 'अर्बन लेजंड' बघा. सुरुवात झकास आहे. पावसाळी रात्र, एकटी मुलगी गाडीत, पेट्रोल संपत आलंय. पंपावरचा माणूस तोतरा, विचित्र, तिला काहीतरी निमित्त काढून आत बोलावतो. ती घाबरून त्याच्या तावडीतून सुटते आणि गाडी पळवते. तो मागून जिवाच्या आकांताने ओरडून सांगू पाहत होता की मागच्या सीटवर कुणीतरी आहे. चुकीच्या माणसाला घाबरल्याने ती मरते. आपणही त्यालाच घाबरत होतो, म्हणून ती फसवणूक आपल्याला लागते.

पुढे सिनेमा ठरवतो की प्रत्येक खून एकेका दंतकथेप्रमाणे होणार. कागदावर ही युक्ती छान दिसते. पडद्यावर मात्र प्रसंग सुरू होताच प्रेक्षक ओळखतो की ही अमुक दंतकथा, आणि शेवटही त्याला माहीतच असतो. पहिल्या प्रसंगातही दंतकथा होतीच, पण तिथे ती आपल्याला फसवायला वापरली होती. नंतर ती यादीसारखी वाचून दाखवली जाते. एवढा फरक.

'स्क्रीम' इथे वाचतो, आणि तो कसा वाचतो ते बघणं तुमच्या प्रश्नाचं जवळजवळ पूर्ण उत्तर आहे. त्याच्या सुरुवातीबद्दल लोक नेहमी बोलतात ते नटीबद्दल: पोस्टरवरचा सगळ्यात ओळखीचा चेहरा बारा-तेरा मिनिटांत मारून टाकला. धाडस होतंच. पण संकलक म्हणून मला त्यातला पॉपकॉर्नचा डबा आठवतो. गॅसवर ठेवलेला, हळूहळू फुगत जाणारा. संवाद चालू आहेत, खेळकर आहेत, आणि मध्येच तो डबा दिसतो, आधीपेक्षा मोठा. वेळ किती गेला हे कुणीही न सांगता कळतं. शिवाय फोनवरच्या खुन्याला आवाज देणारा रॉजर जॅक्सन चित्रीकरणाच्या वेळी खरोखर फोनवर होता आणि त्याला नटांसमोर येऊ दिलं जात नव्हतं, त्यामुळे प्रश्न आणि उत्तर यांच्या मधली जी शांतता आहे ती खरी आहे. अशी शांतता नंतर संकलनाच्या टेबलावर तयार करता येते, पण तिला ताजेपणा येत नाही.

तरी खरी हुशारी शीर्षकानंतरची. एक: त्या मृत्यूला वजन आहे. दुसऱ्या दिवशी शाळेत पोलीस आहेत, पत्रकार आहेत, मुलं त्याबद्दल बोलतात, काही जण घाणेरडे विनोदही करतात. मेलेली मुलगी कुणाची मैत्रीण होती, तिने कुणाला सोडलं होतं, हे पुढच्या संशयाचा भाग होतं. सुरुवात पुरावा बनून सिनेमात राहते. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं: थोड्याच वेळात नायिका सिडनीला तोच फोन येतो. तेच घर-एकटेपण-आवाज. आपल्याला वाटतं, झालं, आता हिचा नंबर. पण ती वेगळं वागते. कपाटाचं दार उघडून खोलीचं दार अडवते, संगणकावरून पोलिसांना संदेश पाठवते. पहिल्या प्रसंगात आपण जे शिकलो, तेच वापरून सिनेमा आपल्याला नवं काहीतरी देतो. पहिली मुलगी का हरली हे आता कळतं, आणि ही का जिंकू शकेल तेही. कोण करतंय हा प्रश्न आहेच, पण 'ही वाचेल का' हा त्याच्या खालून वाहत राहतो.

'हॅलोविन'ची तऱ्हा वेगळी. सुरुवातीला काही मिनिटं आपण खुन्याच्या डोळ्यांनी घर बघतो, सुरी उचलतो, जिना चढतो. मग मुखवटा निघतो आणि सहा वर्षांचा मुलगा उभा असतो. हा शॉट अखंड वाटतो, पण त्यात लपवलेले कट आहेत. आमच्या जमातीला ते शोधण्यात बालिश आनंद होतो. त्यानंतर दिग्दर्शक जॉन कार्पेंटर काय करतो? सुरुवातीपेक्षा मोठा धक्का द्यायचा प्रयत्नच करत नाही. पुढचा जवळजवळ पाऊण तास पडद्यावर एकाही माणसाला मारताना दाखवत नाही. दिवसाढवळ्या, कुंपणाआड, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये, रुंद चौकटीच्या कडेला तो आकार उभा असतो आणि पुन्हा बघावं तर नसतो. आपण एकदा त्याच्या डोळ्यांनी बघितलेलं असल्यामुळे कॅमेरा जरा सरकला तरी शंका येते: हे कोण बघतंय? सुरुवातीचा शॉट असा प्रत्येक पुढच्या शॉटला विष लावून जातो.

बाकीचे दिग्दर्शक बहुधा उलटं करतात. पहिल्या खुनाने लोक हलले ना, मग दुसरा मोठा, तिसरा आणखी मोठा. हत्यार बदलतं, रक्त वाढतं. पण पहिल्या मुलीबरोबर आपण दहा मिनिटं एकटे बसलो होतो. तिला कंटाळा आलेला पाहिला, फ्रीज उघडताना पाहिली, फोनवर हसताना पाहिली. पाचव्या मुलाचं आपल्याला नावही नीट आठवत नाही. चित्रपट-अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ च्या आपल्या निबंधात शेवटी वाचणाऱ्या मुलीला 'फायनल गर्ल' असं नाव दिलं आणि तेव्हापासून तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. माझी तक्रार अशी की पुष्कळ स्लॅशरांत या मुलीपेक्षा सुरुवातीला मरणाऱ्या मुलीला जास्त निवांत वेळ मिळतो. नायिका सतत घोळक्यात. चार मित्र, एक प्रियकर, सगळे बोलतायत. ती एकटी असताना कशी बसते हे आपण पाहिलेलंच नसतं, मग ती एकटी सापडल्यावर आपण कासावीस का व्हावं?

टेबलावरची एक गोष्ट, जी बाहेर फार बोलली जात नाही. सुरुवातीचा प्रसंग एका जागी घडतो, म्हणून तो सलग कापता येतो. पार्टी आली की आठ माणसं तीन मजल्यांवर पसरतात. एक मुलगी तळघरात जाते, तिथून कट करून स्वयंपाकघरातली थट्टामस्करी, तिथून अंगणातलं जोडपं, मग परत तळघर. लेखकाला वाटतं याने ताण वाढतो. क्वचित वाढतो. बहुतेक वेळा प्रत्येक कटला प्रेक्षक श्वास सोडतो, कारण जिथून आपण निघालो तिथला काळ जणू थांबून राहतो. तळघरातली मुलगी आपण परत येईपर्यंत काही मरणार नाही, हे त्याला तिसऱ्यांदा कळलेलं असतं. त्यात खोट्या दचकवण्या. खांद्यावर हात पडतो, वाद्यांचा कडकडाट होतो, आणि तो मित्रच निघतो. अशी प्रत्येक दचकवणी उसनवारी असते. दोनदा चालते. पाचव्यांदा खरा खुनी आला तरी प्रेक्षकाचा चेहरा 'कोण रे आता' असाच असतो.

मी कापलेल्या एका सिनेमात नेमकं हेच झालं होतं. सुरुवात अकरा मिनिटांची, उत्तम. मग साडेसात मिनिटांची पोलीस चौकशी, ज्यात आपण नुकतंच डोळ्यांनी पाहिलेलं सगळं पुन्हा तोंडी सांगितलं जात होतं. मी ती दीड मिनिटावर आणली. मेलेल्या मुलीच्या रिकाम्या बाकाचा एक शॉट दुसऱ्याच प्रसंगासाठी घेतलेला होता, तो शीर्षकानंतर लगेच लावला आणि चार सेकंद काहीच केलं नाही. पार्टीतले तीन धागे होते, त्यातला एक सरळ काढून टाकला. दिग्दर्शक आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, त्याच्या मेहुण्याचं काम त्या धाग्यात होतं. सिनेमा चांगला झाला असं म्हणणार नाही. पण चाळिसाव्या मिनिटाला सुरू होणारी खुर्च्यांची करकर साठाव्या मिनिटापर्यंत लांबली. संकलनाने एवढंच होतं. जो प्रश्न पटकथेने सोडून दिला, तो कात्रीने परत आणता येत नाही.

तुम्ही लिहिलंय की शीर्षकानंतर मुलं पार्टीची तयारी करायला लागली. त्यांच्यातल्या कुणी मेलेल्या मुलीचं नाव घेतलं का, ते आठवून बघा. घेतलं नसेल, तर तुमचं मन मोबाइलकडे वळलं यात तुमचा दोष नाही. सिनेमाच तिला विसरला होता.

आणि तासाभराने बंद केलात, तर एक करा. मधलं सोडा, सरळ शेवटच्या पंचवीस मिनिटांवर जा. तोवर घोळका संपलेला असतो, पुन्हा एक घर, एक मुलगी, मोजक्या खोल्या उरतात, आणि पुष्कळदा दिग्दर्शकाला त्याचा पहिला हात पुन्हा सापडतो. 'स्क्रीम'च्या शेवटच्या त्या घरातल्या प्रसंगाचं चित्रीकरण २१ रात्री चाललं होतं. तुमच्या सिनेमाला तेवढ्या मिळाल्या असतील असं नाही, पण नकाशा नीट मांडला असेल तर पाच रात्रींतही काम होतं. आवडला तर मधला तास नंतर बघा. नाही आवडला तर बंद करण्याचा निर्णय बरोबरच होता.